दीड मिलिमीटर

आडगावच्या पुढे, ओझरकडे जाताना डावीकडे
द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज आहे.
दसरा ते पौष चार नंबरचं चेंबर रिकामं.
मालकीणबाईंनी ते आम्हाला दिलं,
वीजबिल निम्मं-निम्मं, अट एकच :
माल आला की बाहेर.

आम्ही नऊजणी.
सिडकोतल्या सिमेंटवर स्केटची चाकं झिजवलेल्या,
बर्फ फक्त रसवंतीत पाहिलेल्या.
गोल म्हणजे क्रेटची चौकट
आणि बागेतली पाखरं अडवायची जाळी.
निळी रेघ कपड्यांच्या निळीची, लाल रेघ गेरूची.
माझे पॅड गादीवाल्या अन्वरचाचांनी शिवले.
सुई थांबवून विचारलं त्यांनी,
"बेटी, हे नक्की घालायचं कुठे?"

गोलकीपर मी झाले
कारण मला नीट घसरता येत नव्हतं.

बर्फ करायचा भिकन पगार.
सटाण्याचा. अमोनिया प्लँट, रात्रपाळी.
आधीची दोन लेकरं गेली
म्हणून आईनं ह्याला सुपात घालून
शेजारणीला देऊन टाकला
आणि पाच पैशांना परत घेतला.
हे तो तेजलला सांगत होता,
मी लेस बांधत ऐकत होते,
गाठ तीनदा चुकली.

पाणी एकदम ओतलं तर बर्फ तडकतो.
पातळ ओतायचं, गोठू द्यायचं, पुन्हा ओतायचं.
अकराला, एकला, साडेतीनला.
पाईपाच्या तोंडाला जुनं धोतर बांधून
तो मागे मागे सरकायचा,
अंगण सारवत गेल्यासारखा.

मी सातपूरला क्वालिटीत आहे.
दिवसभर बुशिंगं मोजते,
केसभर चुकीवर अख्खा लॉट परत पाठवते.
सवयीनं खांबावर खूण करून
व्हर्नियरची दांडी बर्फाला टेकवली :
थराला दीड मिलिमीटर.
दुसऱ्या दिवशी दीड.
तिसऱ्या दिवशीही दीड.
माणसाच्या हातून असं येत नाही.
मी त्याच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते त्या दिवशी.

आता पुढचं कसं लिहू.
तो सगळ्यांना ताई म्हणतो.
जिजाताई, तेजलताई,
सोळा वर्षांच्या नाझनीनलाही नाझनीनताई.
मला नुसतं 'ओ'.
"ओ, तिकडं ओलं आहे."
"ओ, मोजे राहिले तुमचे."
आधी जिजाच्या लक्षात आलं.
त्या रात्री मला कुणी धड शॉट मारला नाही,
सगळ्या बर्फावर बसून हसत होत्या.

चौतीस वय माझं.
स्थळं यायची थांबली तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही,
कपाटातला माझा वरचा खण तेवढा
वहिनीच्या साड्यांना गेला.

मग पुण्याच्या पोरी आल्या.
खरे हेल्मेट, खऱ्या काठ्या, कोच, कोचची शिटी.
अकरा गोल झाले. अकरा.
शेवटचा माझ्या दोन पायांमधून, हळू,
मांजर दारातून आत येतं तसा.

बाहेर कंप्रेसरपाशी ऊन पडलेलं.
तो चहाचे दोन ग्लास घेऊन उभा,
एक हिंदकळलेला.
खाली बघत म्हणाला,
"तेवीस अडवले."
मी म्हटलं, काय?
"तेवीस. मी मोजत होतो."

आयुष्यभर मी मोजत आले आहे.
मला कुणी मोजलं नव्हतं.

पौषात थॉमसनची पहिली गाडी लागली.
आम्ही कुदळींनी बर्फ फोडला,
बेचाळीस मिलिमीटर, गेरूसकट, निळीसकट,
आणि बाभळीखाली ढीग घातला.
नाझनीन रडली. जिजानं तिला शिव्या घातल्या
आणि मग स्वतः पाठ फिरवून उभी राहिली.
निळं पाणी गटारापर्यंत गेलं.

तो अजून शेवटची लादी हातात धरून होता,
कुठे ठेवावी कळत नसल्यासारखा.
बोटं पांढरी पडली होती.

"ओ," मी म्हटलं,
"ठेवा ती खाली.
हात बघू."