ओलं वजन

आषाढात पकडला तेव्हा माल ओला होता.
पंचांसमोर काटा थांबला
एक हजार बेचाळीसवर.

हजारापर्यंत कायदा ‘अल्प’ म्हणतो,
वरची हद्द एक वर्ष.
त्यावर बेचाळीस ग्रॅम,
म्हणजे चार बिडीकट्ट्यांचं ओझं,
आणि हद्द थेट दहा वर्षं.

गाठोड्यावर लाख मीच लावली.
चिठ्ठीही माझ्याच अक्षरात:
एकशे अठरा. अंबादास नरसय्या येमूल.
वय एकवीस. धंदा, कांड्या भरणे.

जामीन मिळाला त्याला.
जामीनदार मिळाला नाही.

पालिकेत जुलेखा नदाफ बाईंनी ठराव मांडला होता,
किरकोळ बाळगणाऱ्याला कोठडी नको, दवाखाना द्या,
असं शासनाला कळवावं.
त्याच झाडाचं पान चालतं, म्हणाल्या,
शेंडा तेवढा गुन्हेगार, हे कसं ओ?
मागून कोणीतरी हसलं.
सचिवांनी चष्मा पुसला: अधिकारकक्षेबाहेर.
दप्तरी दाखल.

मग वैशाखात विधिमंडळाची समिती आली,
पाच गाड्या, सात रस्त्याच्या विश्रामगृहातून.
मालखान्याचा पत्रा तापलेला,
आत उग्र गोडसर वास,
अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला.
एकशे अठराशी येऊन
एक तरुण सदस्य थांबले.
गाठोडं सैल पडलं होतं,
पोट गेलेल्या बाईच्या परकरासारखं.
‘हे वाळलं असेल ना? आता किती भरेल?’

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी काट्याकडे.
काटा तिथंच होता, कोपऱ्यात, बॅटरी भरलेली.

अध्यक्ष म्हणाले, सील कोर्टाचं आहे.
आपण फक्त पाहायचं.
आपल्याला फक्त शिफारस.

पाहिलं त्यांनी.
दोन महिन्यांनी अहवाल आला:
मालखान्यास नवीन कुलूप द्यावे.
आलं कुलूप. चांगलं आहे, पितळी.

नरसम्मा दर सोमवारी येते,
कारखान्यात बिड्या देऊन, रिकामं सूप काखेत.
हजार बिड्यांत शंभर छाट निघाली तर
तिची मजुरी तेवढी कमी.
तिला वजन समजतं.
पानाला पाणी मारलं की जड होतं,
उन्हात ठेवलं की हलकं,
हे मला तिनं शिकवलं,
कायद्याचं पुस्तक न उघडता.

‘वाळलं असंल की ओ आता,’ म्हणते,
‘माझं पोरगं पण वाळलंय,
त्याला कोण जोखालंय का?’

मी रजिस्टर उघडतो.
एक हजार बेचाळीस, निळ्या शाईत.
मीच लिहिलेलं.
खाडाखोड चालत नाही.

रात्री घरी बायको म्हणते,
कपड्यांना कसला वास येतोय.