तिसऱ्या रांगेतलं बाक

ब्लायनाय फेस्टिनिओगला स्लेटचे डोंगर आहेत,
म्हणजे डोंगरातून काढून मग नको झालेल्या स्लेटचे.
दिवसा मी इथल्या औषधांच्या दुकानात गोळ्या मोजतो,
रात्री आवाज.
एका सेकंदाचे अठ्ठेचाळीस हजार तुकडे,
त्यातला एक जरी उशिरा पोचला
तरी कानात टिक्क होतं,
भातात खडा लागावा तसं.

चॅपल विकलं गेलं त्या शनिवारी
मायक्रोफोन आणि एक पिवळा फुगा घेऊन गेलो.
एलुनेड प्रिदर्ख, चाळीस वर्षं तिथे ऑर्गन वाजवलेली,
टोपीतली टाचणी काढत म्हणाली, मी फोडते.
फट्.
आणि ते चॅपल चार सेकंद बोललं.
भिंती, छत, रिकामी गॅलरी,
आपापल्या पाळीने.
दुसऱ्या सेकंदाच्या आसपास
एक बाक करकरलं.
पुन्हा करू या, मी म्हणालो.
"तिसरी रांग, डावीकडचं," ती म्हणाली,
"त्याला सवयच आहे. राहू दे."

त्या चार सेकंदांभोवती मी प्रोग्रॅम लिहिला,
लिनक्ससाठी, कारण माझा लॅपटॉप म्हातारा आहे
आणि दुसरं काही त्याला सोसत नाही.
कुठलाही सूर आत सोडा,
चॅपलमधून फिरून बाहेर येतो.
परवाना कुठला लावायचा हे
इन्शुलिनच्या फ्रिजचं तापमान नोंदवता नोंदवता ठरलं.
आई शेजारी विरजण द्यायची,
त्याने आमचं दही कमी झालं नाही कधी.
फक्त वाटी रिकामी परत करायची नाही, एवढा रिवाज.
तेवढंच कुणीतरी वकिली इंग्रजीत
बारा पानं लिहून ठेवलं होतं.
मी खाली नाव घातलं.

पहिली तक्रार डुलुथहून.
ऑडेल नावाचा माणूस:
गाणं संपलं की माझा पंखा किंचाळतो,
शांतता झाली की मशीन तापतं.
चेष्टा असेल म्हणून सोडून दिलं.
मग एका रात्री माझ्याच लॅपटॉपवर
हात ठेवून बसलो. खरंच.
सूर विझतो, निम्मा होतो,
त्याच्या निम्मा, त्याच्याही,
पण शून्य काही येत नाही.
इतके बारीक आकडे
की एकेक उचलायला प्रोसेसर
सगळ्या अंगाचा जोर लावतो.
ऐकणाऱ्याच्या लेखी गाणं केव्हाच संपलेलं.
काउंटरवर अशी माणसं येतात,
गेलेल्याच्या उरलेल्या गोळ्या परत करायला,
पाकीट पुढे करतात
आणि सोडत नाहीत.

तीन रात्री मी भलतीकडेच शोधत होतो.
चौथ्या दिवशी पेन्झान्सहून
कुणा मोर्वेना ट्रेगियरने एक ओळ पाठवली:
प्रत्येक तुकड्यात ऐकू न येणारी खरखर मिसळा,
चिमूटभर,
मग शून्याजवळ कुणी अडकून राहत नाही.
खाली लिहिलं होतं, मी एकोणीस वर्षांची आहे,
चुकलं तर सांगा.
चुकलं नव्हतं.
पंखा गप्प झाला, डुलुथलाही.
लेखकांच्या यादीत माझ्या खाली तिचं नाव,
तिच्या खाली ऑडेल,
आणि त्याखाली:
एलुनेड प्रिदर्ख, टाचणी.

चॅपलमध्ये आता गालिचे विकतात.
आत बोललं तर शब्द पायाशीच पडतो.
एलुनेड पोर्थमाडॉगच्या वृद्धाश्रमात आहे.
मी लॅपटॉप नेला, हेडफोन लावून दिले,
टाळी वाजवा म्हटलं.
तिने वाजवली, एकच.
ऐकत राहिली,
आणि बरोबर दुसऱ्या सेकंदाला
मान डावीकडे वळवली.

कोण कोण वापरतं, मला ठाऊक नाही.
कुणी त्यातून ढोल काढतं,
एकाने म्हणे कुत्र्याचं भुंकणं.
मागच्या आठवड्यात नवी तक्रार होती:
प्रत्येक सुराच्या शेपटीला
काहीतरी करकरतं. दुरुस्त करा.

मी लिहिलं: तिसरी रांग, डावीकडचं.
आणि तक्रार बंद केली.