वाढत्या अंगाचा

रेझिनचा वास डोक्यात बसतो,
म्हणून वर्कशॉपची मागची खिडकी आम्ही उघडीच ठेवतो.
घोरपडीचं फाटक पडलं की
हॉर्न थेट टेबलापर्यंत येतात.

सुहैर पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली,
मुलगी कॅम्पात राहते.
इलाहीभाईंनी विचारलं, कुठे, भोपळे चौकाजवळ?
ती हसली नाही. मग हसली.
म्हणाली, हिची आजीसुद्धा त्याच कॅम्पात जन्मली,
गाझात.
तंबूची खोली झाली, खोलीवर मजला चढला,
मजल्याचा परत तंबू.

माप मोबाईलवर आलं.
वहीचा चौकडीचा कागद, त्यावर पेन्सिलीनं गिरवलेलं
उजवं पाऊल, म्हणजे जे आहे ते.
ते उलटं करून डावं घडवायचं.
घोट्यावरचं तिथली माणसं बसवतील,
प्लास्टर मिळालं तर.
सतरा सेंटिमीटर.
बोटं जरा फाकलेली,
अनवाणी वावरणाऱ्यांची असतात तशी.
लियान, वय सात.
मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे.

रंगाच्या पट्टीवर आमच्याकडे पाच रंग:
गव्हाळ, निमगोरा, सावळा, काळासावळा,
आणि एक, ज्याला इलाहीभाई ‘सदाशिव पेठ’ म्हणतात.
सुहैरनं पट्टीशेजारी स्वतःचं मनगट धरलं,
म्हणाली, एवढाच. नाही, थोडा उन्हातला.

निवृत्त नर्स केळशीकर बाईंनी पेन्शनमधले दोन हजार दिले.
पावती नको म्हणाल्या,
बूट घ्या, पाऊल बुटात घालून पाठवा.
दुकानदार म्हणाला, पोरीला आणा की मापाला.
मी म्हटलं, जोडीच द्या.

खोकं गेलं.
खोक्यावर खोकी, त्यांच्यावर ताडपत्री,
आणि कुठल्याशा बंदरातून एक फॉर्म परत:
आतली सळई कशाची?
दुहेरी वापराची वस्तू असू शकते.
खुलासा करावा.
मी खुलासा लिहायला बसलो.
पायाचे उपयोग दोनच, हे मला कबूल होतं.
उभं राहणं.
आणि निघून जाणं.
पण तसं लिहिता येईना.
लिहिलं: सळई सात ग्रॅम.

नाकाबंदी म्हणजे आमच्याकडे
रात्री अकराला रस्त्यात आडवी लावलेली बॅरिकेडं,
लायसन दाखवलं की सुटका.
एकदा सुहैरला बसमध्ये बसवून द्यायला गेलो.
कंडक्टर दारातून ओरडत होता,
गोळीबार! गोळीबार उतरा!
तिनं अर्थ विचारला.
म्हटलं, काही नाही, मैदानाचं नाव आहे.
घरी येईपर्यंत मला माझंच उत्तर ऐकू येत होतं.

अकरा महिन्यांनी खोकं परत आलं.
चिकटपट्टी तीनदा कापलेली, तीनदा लावलेली.
पाऊल शाबूत. बूट एकच.

त्याच आठवड्यात नवा कागद आला.
या वेळी चौकडीचा नव्हता,
पिठाच्या पिशवीचा तुकडा होता.
साडेअठरा.
खायला काय मिळतंय तिथे, आम्ही बातम्यांत बघत होतो,
आणि पाऊल तरी वाढलं होतं.

आई माझे फ्रॉक वाढत्या अंगाचे शिवायची, बहीण सांगते,
आत चार बोटं दुमड, दरवर्षी उसवायची.
रेझिनला दुमड घालता येत नाही.
करून पाहिलं मी. खरंच करून पाहिलं.

मग जेजुरीहून रखमाजी झगडे आले,
नातीला घेऊन. उसाची ट्रॉली, डावा पाय.
सतरा सेंटिमीटर.
इलाहीभाई माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे.
रंग एका शेडनं उजळ पडला,
म्हातारा म्हणाला, चालतंय, मोजे घालील.

ती फरशीवर चालली, आधी भिंत धरून,
मग नुसतं भिंतीच्या बाजूबाजूनं.
सुहैरनं आम्हाला विचारून व्हिडिओ काढला
आणि पाठवला.
मी म्हटलं, नको होता पाठवायला.

तीन दिवस तिकडे रेंज नव्हती.
चौथ्या दिवशी आवाज आला, नऊ सेकंदांचा,
मागे जनरेटर की आणखी काही.
सुहैर दोनदा ऐकून म्हणाली,
लियान विचारते,
चालताना तो वाजतो का?

वाजतो थोडा.
टाचेत एक वॉशर कमी पडलाय.
साडेअठरात तो घालतोय मी.