रात्रीचं रक्त

दिवसा तो सापडत नाही.
दिवसा आत कुठं फुप्फुसाच्या गल्ल्यांत
दडून बसतो हत्तीरोगाचा जंतू,
आणि रात्री, साडेआठ उलटले की,
बोटांच्या टोकापर्यंत येऊन बघतो
डास आला का.
म्हणून माझी नोकरी रात्रीची.

खैरीटोलीची गल्ली. रोवण्याचे दिवस.
माणसं बांधीतून आली, भात-चटणी खाल्ली, आडवी झाली;
कुणाच्या पिंडरीवर अजून गाळ सुकलेला.
मी कडी वाजवतो.
आतून विचारतात, कोन होय?
काय सांगू? सरकार होय,
आणि त्याला तुमच्या झोपेतला
एक थेंब पाहिजे.

मिताराम दरवर्षी विचारतो,
"एका थेंबाचे किती भेटतेत गा तुले नागपुरात?"
बोट मात्र देतो. डाव्या हाताचं.
उजव्याने उद्या परत रोवायचं आहे.

दारं उघडतात ती बिरजुलाबाईमुळे.
वलथऱ्यांची बिरजुला. नवरा होता तेव्हा
तलावात शिंगाडे काढायची, गळ्याइतक्या पाण्यात.
आता उजव्या पायाला चप्पल मिळत नाही;
टायरची पट्टी कापून घेतलीय, दोरीनं बांधते.
तो पाय उचलून ठेवते, उचलून ठेवते,
आणि माझ्यापुढं चालते
मोबाइलची बॅटरी धरून, दारादारांत नाव घेत:
"ऊठ बे सुकराम, बोट दे. मुंगी चावते इतकंच."
लहान पोरांशी ती बोलतच नाही.
लुगडं जरा वर करते, पायावर उजेड पाडते,
आणि पोरं मुकाट बोट पुढं करतात.

एकेचाळीस काचपट्ट्या झाल्या.
साडेअकराला ती म्हणाली, आता माजी घे.

मी म्हटलं, बाई, तुमच्यात नाही सापडायचा.
इतक्या वर्षांनी तो बहुधा रक्तात राहत नाही.
मेला असेल कधीचा. पाय तेवढा ठेवून गेला.

ती उभीच. बॅटरीचा उजेड तिच्याच पायावर.
"मंग कोनात सापडते?"

मी पेटीकडे बघितलं. नाव सांगणं बरं नव्हतं.
गेल्या साली सापडला तो वीस वर्षांच्या पोरात,
तालुक्याला कबड्डी खेळणाऱ्या,
ज्याचे पाय असे की बघत राहावं.
बारा दिवस रोज गोळ्या दिल्या, समोर गिळवल्या,
आणि रोज तो म्हणायचा, मले काय झालं?
काहीच तर नाही झालं.

"म्हंजे," बिरजुला म्हणाली, "रगत चोख, नं पाय वाईट?
सून मले पान्याच्या गुंडाले हात लावू देत नाही.
म्हनते, रगतातच हाय तुमच्या.
घे माजी. नं लिहून दे."

घेतली. बेचाळीस.
वय विचारलं. म्हणाली, तूच टाक.
साठ टाकलं. म्हणाली, असन.

दुसऱ्या दिवशी पवनीला रंग चढवला
आणि तिन्ही पट्टे शेवटपर्यंत बघितले. दोनदा बघितले.
एवढ्या काळजीनं मी कुठलीच काच बघत नाही,
खरं सांगतो. एरवी काही नसलं की पुढची काच.
या वेळी काही नसणं
शोधावं लागलं.

पाण्याच्या गुंडातून हा रोग जात नाही,
हे मी सुनेला तीनदा सांगून झालं होतं. तोंडी.
असा दाखला द्यायचा फॉर्म आमच्याकडे नाही.
रजिस्टरचं मागचं कोरं पान फाडून लिहिलं:
बिरजुला वलथरे, खैरीटोली,
रात्र रक्तनमुना क्रमांक ४२, निरंक.
खाली राष्ट्रीय कार्यक्रमाचा शिक्का मारला.
शाई वाळत आलेली, जरा वाकडा पडला.

तिला वाचता येत नाही.
सुनेला येतं.