कानोसा

थर्लबीने टाकी माझ्या बाकावर ठेवली
आणि म्हणाला, एनिड, हिला एक भोक पाडून दे.
सव्वीस वर्षं मी डेअरीत दुधाच्या टाक्या जोडल्या,
भोकं बुजवण्याचा पगार घेतला.
पाड म्हणणारा हा पहिलाच.

टाकी आधी धुतली. तीनदा. मग वाफ दिली.
भरलेल्या टाकीपेक्षा रिकामीला मी जास्त भिते.

त्याची गाडी अकरा खोक्यांतून आली होती.
स्पॉल्डिंगबाहेर, बीटच्या शेतांना लागून असलेल्या शेडमध्ये
चार हिवाळे खाऊन उभी राहिली.
दार नाही, छप्पर नाही, बसलं की रस्ता ढुंगणाला लागतो.
दोन कार्बोरेटर, एक नळी,
इंजिनाने मागेल तेवढं प्यावं.
डाव्या वळणावर पेट्रोल उजव्या भिंतीला जाऊन बिलगायचं,
तरी वाटीत घोटभर शिल्लक असायचं. निभायचं.

इंजेक्शन असं निभावून घेत नाही.
तिथे पंप रेटत राहतो, तीन बारने,
लागेल तेवढं इंजिनाचं, उरलेलं टाकीत माघारी.
मध्ये हवेचा एक लोट आला की संपलं.
म्हणून ही परतीची वाट. म्हणून लिटरभराचा गडू,
ज्यात पेट्रोल कडेकडेने गरगरत शिरतं
आणि हवा वरच्या वर निघून जाते.
गडू मी घडवला. त्याची शिवण बघावी,
नाण्यांची चळत आडवी निजवल्यासारखी.

मी विचारलं, जुनं काय वाईट होतं?
बागेतल्या पाइपचा तुकडा कानाला लावून
तू दोन्ही कार्बोरेटरांचा श्वास जुळवायचास,
स्क्रू पाव फेरा इकडे, केसभर तिकडे.
होलबीचहून लोक गाड्या घेऊन यायचे
तुझ्या कानासाठी.
सुटे भाग मिळत नाहीत आता, तो म्हणाला.
त्याच्या डोक्यामागे मांडणीवर
जेटचे तीन डबे होते, झाकण लावलेले, काठोकाठ.

जुन्या नळ्या काढल्या. वाकवल्या की बोटाला काळं.
हल्लीच्या पेट्रोलातला अल्कोहोल रबर खातो.
नव्या नळ्या, नव्या चकत्या. त्याने किल्ली फिरवली.
पंप गुणगुणला,
आणि त्या गुणगुणण्याखालून, बारीक,
दूध उतू जायच्या आधी येतो तसा एक आवाज.
रेलच्या टोकाशी धुकं उडत होतं. पेट्रोलचं.
तो तिथेच, हातभर अंतरावर, पंपाकडे बघत, खूश.
थर्लबी, मी ओरडले.
थर्लबी.
त्याने मान वळवली नाही.

हात लांब करून किल्ली मीच बंद केली.

चकती तिरकी बसली होती, एवढंच बोलले.
तांब्याची दुसरी घातली.
वास आला नाही मला, तो म्हणाला, सर्दी झालीय.
असेल, मी म्हटलं.
पण सर्दी वासाची होती
आणि मी हाक मारली होती.

दुसऱ्यांदा पंप लावला तेव्हा
मी टॉर्च घेऊन प्रत्येक सांध्याशी कान नेला, सावकाश, दोनदा.
मांडीवरच्या लॅपटॉपवर दाबाचा आकडा स्थिर होता,
त्याने तिकडे पाहिलंच नाही.
तळवा गडूवर ठेवला, डोळे मिटले,
आतलं गरगरणं हाताने चाचपत राहिला,
दाई जसं पोट चाचपते.

रविवारी निघालो. काटा पावाच्याही खाली.
कालव्याजवळचं ते लांबलचक डावं वळण,
दोन्ही बाजूंना नुसती सपाट काळी माती,
माझं डोकं उजवीकडे, पेट्रोलचंही असणार.
इंजिन अडखळलं नाही.
अर्ध्या वळणातच थर्लबीने माझ्या तोंडाकडे बघितलं
आणि विचारलं, फार मोठ्याने,
चांगलं वाजतंय ना?

मी मान हलवली,
मोठी,
दिसेल इतकी.