चार बोटं

दार आधी घासायला लागलं.
मिस्त्रीने बिजागरी सोडवली, कड तासली, गेला.
आठवड्याने पुन्हा तेच.
मग भरलेली ट्रॉली सोडली की आपोआप मागे सरायला लागली,
तेव्हा कचरू गांगुर्ड्यांनी नातवाची गोटी आणली,
चार नंबरच्या खोलीत मधोमध ठेवली.
गोटी भिंतीकडे गेली.
दुसऱ्या तोंडाने ठेवली,
तर समोरच्या भिंतीकडे.
पाण्याची नळी लावली : मध्यावर चार बोटं वर.

पिंपळगाव बसवंत. आत शून्य, बाहेर एकोणचाळीस.
तळाखालचा हीटर जळून तीन उन्हाळे झाले होते.
तळाखाली कोण बघतं?
द्राक्षांसाठी केलेली थंडी खाली झिरपत गेली,
काळ्या मातीने कुठून कुठून ओल ओढून घेतली,
पापुद्र्यावर पापुद्रा बर्फ धरला,
आणि एवढ्या क्रेटांसकट जमीन फुगली.
भाकरीसारखी म्हणावं,
तर भाकरी एका दमात फुगते.

मालक म्हणाले, बर्फ काय उचलणार हो एवढं?
कचरूभाऊ बोलले नाहीत.
लाहौलला रस्त्याच्या कामावर सात वर्षं होते,
डाव्या पायाची दोन बोटं तिथेच राहिली.
तिथली दरी गुरांच्या डोणीसारखी, तळाला रुंद, गोल.
पाण्याने कापली असती
तर आपल्या घाटातल्या ओहोळासारखी निमुळती झाली असती.
कातळावर सगळ्या रेघा एकाच दिशेच्या :
बर्फाने पोटाखाली धोंडे धरले होते,
आणि निघाला होता.
जवाच्या शेतात घराएवढा एक दगड,
आसपासच्या डोंगरात त्या जातीचा एकही नाही.
म्हातारा त्याला वळसा घालून नांगरायचा,
बाप घालायचा म्हणून.
साहेब सांगायचे, बर्फ गेला तरी
दबलेली जमीन हजारो वर्षं वर येत राहते.
हे तेव्हा कचरूभाऊंना पटलं नव्हतं.

चांदवडची रांग लाव्ह्याने रचली, पावसाने कोरली.
हिमनदी इकडे फिरकली नाही.
ही एकच, चाळीस बाय साठ फुटांची,
कुठेही न जाणारी, अमोनियावर चालणारी.

हंगाम सरला. कॉम्प्रेसर बंद केला.
आता रोज संध्याकाळी गोटी, आणि लॉगबुकात
तापमानाच्या रकान्याशेजारी :

चार जून. भिंतीकडे.
अकरा जून. भिंतीकडे, हळू.
एकोणीस. जागेवर.
वीस. जागेवर.
सव्वीस जून. जरा थांबून,
दाराकडे.