उतारा

घराचा उतारा कन्नडात निघाला.
मोनेशनं बोट ठेवून वाचला, मी मान डोलवली,
बँकेनं आमची वीस वर्षं लिहून घेतली
आणि खानापुरात, स्टेशनामागं,
एकोणीसशे सदतीसचं कौलारू घर आमचं झालं.
दारावर ३७ कोरलंय.
चुना बसत बसत सातचा एक झालाय,
पोस्टमन आम्हाला एकतीस नंबरवाले म्हणतो.

पहिले आठ दिवस लग्नातला कुकर आणि दोन चटया.
मोनेश सांजेला बेकेलाइटची काळी बटणं
नुसतीच दाबत फिरायचा. टॉक्. टॉक्.
खिडकीपाशी तांबडा कोबा
कुणीतरी बसून बसून काळा गुळगुळीत केलेला.
तिथं आम्ही काही ठेवत नाही.
का, ते एकमेकांना विचारलेलं नाही.

कपाट आलं बेळगावच्या कँपातून.
ओल्गाबाई रेबेलो मुलीकडे मडगावला चाललेल्या;
किंमत सांगताना दोनदा रडल्या
आणि दोन्ही वेळा पाचशे वाढवले.
शिसवी. दाराला उभा आरसा. आत डांबरगोळ्यांचा वास
आणि लाँड्रीची पिवळी पावती: कोट, एक.

टेम्पोतून उतरवलं तर दार चार बोटं कमी.
आडवं केलं, तिरकं घातलं, परत काढलं.
शेजारच्या यल्लुबाई कमरेवर हात ठेवून:
"मोजून आणायचं न्हवं काय गं?"
मोजलं होतं की.
मोनेशनं कपाट मोजलं, मी दार.
आकडे एकमेकांना सांगायचे राहिले.

ईरण्णा बडिगेर आला. कानावर पेन्सिल.
"चौकट कापायची?" मी विचारलं.
त्यानं चौकटीवरून हात फिरवला, मग कपाटावरून.
"ह्येलाबी नको, त्येलाबी नको.
वरनं घेऊ की."

वरनं म्हणजे छपरातनं.

कौलं निघाली, पोरांच्या हातांतून अंगणात गेली,
आणि झोपायच्या खोलीत
एकदम एवढं मोठं दुपारचं आभाळ.
वाशांवर आकडे दिसले.
ह्या उतारावर मराठीत, पल्याडच्या उतारावर कन्नडात,
आढ्यापाशी येऊन थांबलेले.
"दोघं सुतार असणार," ईरण्णा वरून म्हणाला,
"येक हिकडचा, येक तिकडचा."
"तिकडचा म्हंजे कुठला?"
"ह्याच गल्लीतला असंल बगा."

दोराला सहा माणसं. "हळू, हळू, हां, सोड."
कपाट हवेत गर्रकन फिरलं
आणि आरशानं ऊन खोलीभर फेकलं.
घर घेताना न दिसलेलं सगळं दिसलं:
कोपऱ्यातली भेग, वाळवीची रेघ,
ओल, एका बाजूला ओघळलेली,
खुंटीवर कुणाचा तरी विसरलेला चष्मा,
आणि तोंड वासून उभे आम्ही दोघं.
एका काडीचा.
खाली टेकलं तेव्हा यल्लुबाईंनी हळद लावली. कुणी सांगितलं नव्हतं.

अंधार पडला तरी एक वासा बसायचा राहिला,
पोखरलेला निघाला होता.
त्या रात्री भोकाखाली झोपलो, दोन गोधड्या घेऊन.
माघातली थंडी. लोंढ्याकडे जाणारी मालगाडी
डोक्यावरून गेल्यासारखी गेली.
"आता हे घर विकायचं झालं तर
कपाटासकट," मोनेश म्हणाला.
बराच वेळानं म्हणाला, "हप्ता पाच तारखेला आहे."
मी चांदण्या बघत होते,
किंवा झोपले होते.

सकाळी ईरण्णानं नवा वासा आणला,
जमिनीवर ठेवला, पेन्सिल माझ्यापुढं धरली.
"घरवालीनं घालावा आकडा."
मी मराठी शाळेतली. नोकरी तालुका ऑफिसात,
दिवसभर कन्नडात शिक्के मारते.
कुठला उतार हे विचारायचं सुचलंच नाही.
दुसरा वासा होता, नशिबानं.
दोन तिकडंही जवळजवळ असाच वळतो.

घातला.
ईरण्णानं मान वाकडी करून बघितलं,
वासा खांद्यावर घेतला
आणि शिडीवरून सांगितलं,
चहात साखर नको.